खाली सही कुणाची?

दुसरा शनिवार, कोर्टाला सुट्टी. १० जानेवारी २०२६. सकाळच्या एसटीने साताऱ्याहून निघाले, स्वारगेटला उतरले, भुयारी मेट्रोने मंडईला आले आणि तिथून चालत नारायण पेठेत आत्याकडे. महापालिकेचं मतदान पाच दिवसांवर होतं. रिक्षांवर भोंगे, गल्लीच्या तोंडाशी कार्यकर्त्यांच्या खुर्च्या, ज्याच्या त्याच्या हातात पत्रकं. आत्या एक्याऐंशी वर्षांची आहे. मी दारात चपला काढत होते तेव्हा ती फोनवर कुणाला तरी काकुळतीने विचारत होती, "अहो, ते सगळं खरं, पण आमच्या जुन्या वाड्यांचं काय ठरवलंय तुम्ही? भाडेकरूंना घर मिळणार की नाही?" पलीकडचा माणूस बोलतच होता. मी फोन घेऊन कानाला लावला. प्रभागातल्या एका उमेदवाराचा आवाज होता. त्याने आत्याचं नाव घेऊन नमस्कार केला होता, थंडीत तब्येत जपायला सांगितलं होतं, आता मतदान केंद्र सांगत होता. माणूस नव्हताच तो. एकेका मतदाराचं नाव घालून यंत्राकडून तयार करून घेतलेला आवाज होता. आत्याला मी हे समजावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे मी विचारलं ते कुणी ऐकलंच नाही?"

मी साताऱ्यात बावीस वर्षं दिवाणी वकिली करते. दावे, कैफियती, वाटपाची भांडणं, बांधाची भांडणं. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल गेली तीन वर्षं जे बोललं जातं त्यात दोनच सूर ऐकू येतात: यंत्र आपल्या नोकऱ्या खाणार, किंवा यंत्र आपले सगळे प्रश्न सोडवणार. माझी काळजी या दोन्हींत बसत नाही. बोलणारा समोर आहे असं वाटावं, आपण पोटतिडकीने विचारावं आणि ऐकायला कुणीच नसावं, ही आत्याची अवस्था माझ्या पक्षकारांच्या वाट्याला रोज येऊ लागली आहे. तिथे तर मताची विनंतीही नसते, थेट निर्णयच कळवलेला असतो.

त्याच दुपारी आत्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी पदराला हात पुसत मोबाइल पुढे केला. एका योजनेचे दरमहा खात्यात येणारे पैसे सप्टेंबरपासून बंद झाले होते. पडद्यावर एकच ओळ: 'दुबार लाभार्थी आढळल्याने अपात्र ठरविण्यात आले आहे.' चौकशी करताना त्यांना एवढंच कळलं की त्यांच्याच नावाची आणि त्याच जन्मतारखेची कुणी बाई दुसऱ्या जिल्ह्यात आहे. मी जन्मतारीख विचारली. १ जून.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या माणसाला हे वाचताक्षणी कळेल. शाळेत घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकायचे. एका पिढीचे लाखो लोक कागदोपत्री एकाच दिवशी जन्मलेले आहेत. एकच नाव, एकच आडनाव, नवऱ्याचं नावही तेच आणि तारीख १ जून, अशा दोन बायका निघणं यात काहीही संशयास्पद नाही. गावचा तलाठी, अंगणवाडीताई, शाळेतला शिपाई, कुणालाही विचारा. पण याद्यांची जुळणी करणाऱ्या यंत्राला हे कुणी सांगितलेलं नसावं. त्याने आपल्या हिशेबाने काम चोख केलं आणि मावशींचे पैसे थांबले. मावशी तीन खेपा घालून आल्या. खिडकीवरचा मुलगा सभ्य होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मावशी, आमच्या हातात काही नाही. सिस्टीमने केलंय."

'सिस्टीमने केलंय.' हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की आता ते मला कायद्याच्या कलमासारखं पाठ झालं आहे. सरकारी मराठीला कर्ता लपवायची सवय फार जुनी. 'कळविण्यात येते की', 'कार्यवाही करण्यात येईल', 'नामंजूर करण्यात आले आहे.' कुणी कळवलं, कोण करणार, कुणी नामंजूर केलं, ते वाक्यात कधीच नसतं. पण तो कागद उलटून पाहिला तर तळाला एक फराटेदार सही असायची, खाली पदनाम, शेजारी गोल शिक्का. वाक्यात लपलेला कर्ता तळाशी सापडायचा. वकील म्हणून माझं निम्मं काम त्या सहीपासून सुरू होतं: याने केलं, याच्याविरुद्ध अपील, अमुक दिवसांच्या आत. मावशींच्या मोबाइलवरच्या ओळीखाली काहीच नव्हतं. अपील लिहायला बसले तर प्रतिवादीच्या रकान्यात नाव कुणाचं घालायचं?

जेवण झाल्यावर फिरायला बाहेर पडले. केसरीवाडा दोन गल्ल्यांवर. लहानपणापासून किती वेळा पाहिला असेल, पण त्या दिवशी टिळकांच्या १९०८ च्या खटल्यातली एक गोष्ट मनात घोळत होती. केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा आरोप होता. लेख मराठीत, ज्यूरी नऊ जणांची: सात युरोपीय, दोन पारशी. निकाल होणार होता तो सरकारी इंग्रजी भाषांतरावर. टिळकांनी वकील दिला नाही, स्वतः उभे राहिले आणि पहिला हल्ला त्या भाषांतरावरच चढवला. भाषांतरकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता आणि टिळकांनी शब्दाशब्दावरून त्याचा उलटतपास घेतला. पुढे एकवीस तासांहून जास्त भाषण केलं. उपयोग झाला नाही. सात विरुद्ध दोन असा कौल आला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अन्यायच झाला तो. पण त्या अन्यायातही भाषांतर करणारा माणूस समोर उभा होता. त्याला विचारता येत होतं की हा शब्द तू असा का फिरवलास. पारतंत्र्यातल्या कोर्टातही एवढा हक्क आरोपीला होता.

आज सर्वोच्च न्यायालयाकडे 'सुवास' नावाची भाषांतराची प्रणाली आहे. २०१९ साली ती आली आणि तिच्या मदतीने हजारो निकाल प्रादेशिक भाषांत आले, मराठीतही. मी या कामाची मनापासून चाहती आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे हायकोर्टाची आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. माझे पक्षकार आयुष्यभर आपल्याच जमिनीचा निकाल वकिलाच्या तोंडून ऐकत आले. परवा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एका जुन्या निकालाचं मराठी भाषांतर चष्मा लावून, बोट फिरवत, स्वतः वाचलं, तेव्हा मला भरून आलं. पण कायद्याच्या इंग्रजीत 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपील करायला परवानगी दिली, आणि यंत्राने त्याची 'सुट्टी मंजूर' करून टाकली, हे उदाहरण खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी जाहीरपणे सांगितलेलं आहे. म्हणूनच यंत्राचं भाषांतर माणसाच्या नजरेखालून घातलं जातं, आणि भाषांतर पक्षकाराला समजावं एवढ्यापुरतं, अधिकृत मजकूर इंग्रजीच, अशी सूचनाही छापलेली असते. हे मला योग्य वाटतं. यंत्र राबतं आहे आणि शेवटचा शब्द ज्याचा, तो माणूस कोण हे ठाऊक आहे.

तिथून शनिवारवाड्यावर गेले. १७३० साली १० जानेवारीलाच या वाड्याचा पाया घातला गेला. दिल्ली दरवाजापुढच्या पटांगणात गर्दी होती, सेल्फी चालले होते, पोरं धावत होती. मी साताऱ्याची. आमच्या गावाशेजारी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. त्यामुळे या वाड्यात आलं की मला आधी बाजीराव आठवत नाहीत, रामशास्त्री आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ ला अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा इथे गारद्यांनी खून केला. आणि त्याला जोडून आपल्या भाषेला एक वाक्प्रचार मिळाला: ध चा मा करणे. रघुनाथरावांनी 'नारायणरावांस धरावे' असं लिहिलं आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, अशी ती कथा. इतिहासकार तिला पुरावा मानत नाहीत, आणि एका बाईच्या माथी सगळं मारायची सोय म्हणून ती टिकली असावी असं माझंही मत आहे. पण ती कथा घटकाभर खरी धरून पाहा, कारण दस्तऐवजात बदल झाल्याची याहून प्रसिद्ध कथा मराठीत दुसरी नाही.

वकील म्हणून मला रघुनाथरावांचा बचाव सहज लिहिता येईल. माझ्या अशिलाने धरण्याचा हुकूम दिला. मधल्या मध्ये अक्षर बदललं गेलं. बदल त्याच्या माघारी झाला. खुनाचा हेतू त्याचा नव्हता. कागदावर हा बचाव चांगला दिसतो. तरीही रामशास्त्रींनी राज्याच्या धन्याला तोंडावर सांगितलं की या पापाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही, आणि पुणं सोडलं. का? मला वाटतं, याचं उत्तर त्या पत्रात नाहीच. हत्यारबंद गारद्यांना पेशव्याच्या घरात घुसवणारा माणूस मागाहून असं म्हणू शकत नाही की त्यांनी आत जे केलं ते मी सांगितलं नव्हतं. ज्याच्या हुकमाने ते आत गेले त्याने उत्तर द्यायचं. अक्षर वाटेत कुणी बदललं हा तपासाचा मुद्दा, जबाबदारी कुणाची हा वेगळा.

आज एखाद्या खात्याचा अधिकारी म्हणतो की यादीतून नाव यंत्राने काढलं, आम्ही फक्त 'अपात्र शोधा' एवढंच सांगितलं होतं. मला यात आणि 'मी फक्त धरावे लिहिलं होतं' यात काही फरक दिसत नाही. यंत्र घरात कुणी सोडलं, त्याला कसली मुभा दिली, ते चुकलं तर थांबवायला दाराशी कुणी ठेवलं होतं का, हे विचारायला हवं.

हे लिहिताना माझ्याच कार्यालयातली एक गोष्ट सांगणं भाग आहे. गेल्या पावसाळ्यात वाटपाच्या एका दाव्यात निशाणी ५ वरच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायचं होतं. ज्युनिअरने मसुदा आणून ठेवला. भाषा इतकी घोटीव की मी मनात त्याची पाठ थोपटली. मुंबई हायकोर्टाचे तीन निवाडे, पक्षकारांची नावं, वर्षं, परिच्छेद क्रमांक, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी युक्तिवादासाठी ते परिच्छेद काढून ठेवावेत म्हणून शोधायला बसले तर तीनपैकी दोन निवाडे कुठेच नाहीत. कुठल्याच संग्रहात नाहीत, हायकोर्टाच्या संकेतस्थळावर नाहीत. मोबाइलवरच्या चॅटबॉटने ते रचले होते. म्हणण्यावर सही माझी होणार होती. रात्री साडेअकराला मला ते सापडलं आणि मी खुर्चीत बसून राहिले. ज्युनिअरला रागावले, पण रागावताना कळत होतं की त्याला मी कधी बजावलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहीला पेन उचलताना माझा हात दोनदा थांबला. आजही थांबतो आणि थांबावा असं मला वाटतं. ती भीती हेच त्या सहीचं मोल आहे.

न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात २०२३ साली एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले. न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलर दंड केला. त्यांनी दंड केला तो यंत्राला नव्हे, सही करणाऱ्यांना आणि त्यांच्या फर्मला. आपल्याकडची गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका कंपनीची आयकर आकारणी रद्द केली, कारण आकारणीच्या आदेशात आधार म्हणून घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. इथे चूक वकिलाची नव्हती, निर्णय देणाऱ्या यंत्रणेची होती. या पद्धतीचं सरकारी नावच 'फेसलेस', म्हणजे करदात्याला अधिकाऱ्याचा चेहरा दिसत नाही. लाचलुचपत थांबावी हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. कोर्टाने बजावलं की यंत्राने दिलेलं डोळे झाकून घेता येणार नाही, न्यायिक स्वरूपाचा अधिकार वापरणाऱ्याने ते पडताळलंच पाहिजे. कंपनीकडे हायकोर्टात जायला पैसा होता, वकील होते. मावशींकडे पोळ्यांच्या चार घरांची मिळकत आहे.

रात्री आतेभाऊ आला. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, अशाच प्रणाल्या बनवतो, माणूस सरळ आहे. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, तू यंत्राला इतकं बोलतेस, पण तुमचा तलाठी काय कमी होता? नोंद धरायला पैसे, नोंद न धरायला पैसे. यंत्र निदान जात बघत नाही, पाकीट घेत नाही. आणि कोर्टात पाच कोटी खटले पडलेत, ते तुम्ही माणसांनीच पाडलेत ना?"

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. यंत्र जात बघत नाही हे मात्र मला मान्य नाही. ज्या नोंदींवर ते शिकतं त्यांत माणसांनी आधीच सगळं बघून ठेवलेलं असतं. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं: जोखीम मोजणाऱ्या प्रणालीत नागरिकत्व हा निकष होता, हजारो कुटुंबांवर लबाडीचा ठपका बसला, घरं कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. पण पाकिटाचा मुद्दा खरा. माणसाच्या हातचा कारभार चांगला होता असं म्हणण्याचं धाडस साताऱ्याच्या कोर्टात बावीस वर्षं काढलेली बाई करू शकत नाही.

मी त्याला सातबाऱ्याची गोष्ट सांगितली. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा राज्यभर चुका झाल्या. कुणाचं क्षेत्र वीस गुंठ्यांचं दोन गुंठे झालं, कुणाची बहीण इतर हक्कातून गायब झाली, कुणाच्या नावातला एक काना उडाला आणि बँकेने कर्ज अडवलं. या चुका काही कमी नव्हत्या. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचं. जुना हस्तलिखित उतारा जोडायचा, तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा, तलाठ्याचा अहवाल येतो, तहसीलदार आदेश काढतो, खाली सही. सही चुकीची वाटली तर प्रांताकडे अपील. मी असे कितीतरी अर्ज दिले. वेळ लागला, हेलपाटे झाले, काही ठिकाणी मावशींसारखंच "हातात काही नाही" ऐकावं लागलं. पण कलम हातात होतं आणि नाव माहीत होतं, म्हणून माणसं शेवटी आपल्या जमिनीपर्यंत पोहोचली. संगणक नको असं तेव्हा आम्ही कुणी म्हणालो नाही. आज कुणाला परत हस्तलिखित सातबारा द्या म्हटलं तर तो घेणार नाही.

आतेभाऊ म्हणाला, "मग प्रणालीतच कारण दाखवायची सोय करू. प्रत्येक निर्णयाखाली स्पष्टीकरण येईल, तेही मराठीत." करा, जरूर करा. पण ते पुरेसं नाही, आणि इथे मला कायद्याची बाजू थोडी सविस्तर मांडायची आहे. १९७८ च्या मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक अधिकाऱ्याचा आदेश त्यात त्या वेळी नोंदवलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे. नंतर शपथपत्र करून नवी कारणं पुरवता येणार नाहीत. या प्रणाल्यांचं स्पष्टीकरण पुष्कळदा असंच मागाहून पुरवलेलं असतं. निर्णय आकड्यांच्या जुळणीवर होतो आणि मग त्याला शोभेलसं वाक्य तयार केलं जातं. वाक्य छान असतं. माझ्या ज्युनिअरच्या मसुद्यातलंही छानच होतं. कायद्याला कारण हवं असतं ते निर्णय घेताना कुणाच्या तरी मनात खरोखर असलेलं, आणि विचारलं तर 'हो, मी असा विचार केला' असं सांगणारं कुणीतरी.

दुसरी गोष्ट सुनावणीची. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात महापालिकेतर्फे सांगितलं गेलं होतं की या लोकांना सांगण्यासारखं काही नाहीच, तर ऐकून काय उपयोग? कोर्टाने ते मानलं नाही. ऐकून घेण्याला स्वतःची किंमत आहे, निकाल काहीही लागो. मावशींना आधी बोलावलं असतं तर "माझी तारीख गुरुजींनी टाकलेली आहे" हे सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि आपला आजचा कायदा इथेच तोकडा पडतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो की ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय होणार ती अचूक असल्याची काळजी घ्या. पण केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाला आव्हान द्यायचा जो हक्क युरोपातल्या नागरिकाला २०१८ पासून आहे, तो या कायद्यात नाही. शिवाय सरकारला आपल्या यंत्रणांना सूट द्यायची मोकळीक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यांतही नव्या कायद्याची तूर्त गरज नाही असाच सूर आहे. केरळ हायकोर्टाने मात्र जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांना स्वच्छ सांगितलं की निष्कर्ष, आदेश, निकाल यांसाठी ही साधनं वापरायची नाहीत. न्यायालयांपुरता प्रश्न त्यांनी सोडवला. कचेऱ्यांचं काय?

त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला 'पदनिर्देशित अधिकारी' ठरवून दिलेला असतो, मुदत असते, अर्ज नाकारायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, वर अपिलं आणि आयोग आहे, कसूर केली तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. ही चौकट सेवा मागणाऱ्यासाठी बनली. मिळत असलेलं थांबवलं जातं त्यालाही ती तशीच्या तशी लागू करावी, एवढी माझी मागणी आहे. यंत्राने संशय खुशाल दाखवावा. पण पैसे, धान्य, पेन्शन थांबण्याआधी नोटीस गेली पाहिजे, माणसाने समोर बसून म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि आदेशाखाली त्या माणसाचं नाव, पद आणि सही हवी. नाव नसलेला थांबवण्याचा आदेश मुळातच बेकायदा धरावा.

यावर संख्येचं कारण सांगितलं जाईल. गेल्या वर्षी लाडकी बहीण योजनेत याद्यांच्या पडताळणीनंतर २६ लाख ३४ हजार जणांचा लाभ स्थगित केल्याचं सरकारने जाहीर केलं. त्यांत खरोखर अपात्र पुष्कळ असतील, चौदा हजारांहून जास्त तर पुरुषच निघाले, ते शोधून काढलं हे चांगलंच झालं. पण एवढ्या जणांना सुनावणी द्यायची तर माणसं कुठून आणायची, असं कुणी म्हणेल. माझं उत्तर असं की २६ लाख लोकांचं काही काढून घेण्याची ताकद तुमच्यात आहे, तर २६ लाखांचं ऐकण्याची ताकदही कमवा. यंत्रामुळे जो वेळ वाचतो तो याच कामी लावा.

आणि हा प्रश्न कायद्याइतकाच राजकारणाचा आहे. पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. ज्याला मत देऊन बसवलं नाही त्याला मतातून जाबही विचारता येत नाही. चार वर्षांनी निवडणूक आली, तर दारात उमेदवाराऐवजी त्याचा तयार केलेला आवाज आला. निवडणूक आयोगाने २०२४ च्या मे महिन्यात पक्षांना सांगितलं की बनावट चित्रफीत लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. पण त्याच वर्षी विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी इथल्याच राजकारणात आवाजाच्या फिती फिरल्या, ज्यांचा आवाज म्हणून त्या फिरल्या त्या खासदारांनी तो आपला नसल्याचं सांगून तक्रार केली, आणि दुसऱ्या दिवशी राज्याने मतदान केलं. तीन तासांत फीत काढता येते, ऐकलेलं काढता येत नाही. कोर्टात अशी फीत दाखल करायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याच्या एका भागावर फीत आणणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची. दहा हजारांच्या उसनवारीच्या दाव्यात आम्ही एवढं करतो. प्रचाराच्या प्रत्येक तयार आवाजाबरोबर तो कुणी बनवला आणि कुणी पैसे दिले त्याचं नाव ऐकवणं बंधनकारक करायला काय हरकत आहे? आत्यासारखीला निदान कळेल की प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, की ज्याला विचारायचं तो दुसरीकडे बसला आहे.

रविवारी सकाळी मावशी लवकर आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही दोघी बसलो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुक, रेशनकार्ड त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलं होतं. मी तक्रार अर्ज लिहायला घेतला. 'प्रति, मा.' असं लिहिलं आणि थांबले. पुढे पद काय घालू? मावशी वाट पाहत होत्या. "नाव नाही का कुणाचं?" त्यांनी विचारलं.

म्हणून आधी माहिती अधिकाराचा अर्ज केला. प्रश्न दोनच: माझा लाभ थांबवण्याचा निर्णय ज्या अधिकाऱ्याने घेतला त्याचं नाव व पदनाम, आणि त्या दिवशी त्याने नोंदवलेलं कारण, नक्कल प्रत. माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) नोव्हेंबरमध्ये बदललं आहे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हणून उत्तर नाकारणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे, आणि या अर्जालाही तसंच उत्तर येईल अशी मला धास्ती आहे. तसं आलं तर अपील करायचं. कलम ८(२) अजून शाबूत आहे, व्यापक जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं ते म्हणतं, आणि बाईचे पैसे थांबवणाऱ्याचं नाव ही त्याची खासगी बाब आहे असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही. आत्याच्या कपाटात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट निघालं. ते चिकटवलं. मावशींनी चष्मा लावला, पेन घट्ट धरलं आणि अर्जाच्या तळाशी, जोर देऊन, एकेक अक्षर जोडत आपलं पूर्ण नाव लिहिलं.